एसटीतून पोरं उतरताना तुम्ही गाडी थांबवता का? अनुभव लिहा

माणदेशी_माहेर
मंगळवारी फलटणहून दहिवडीला आईकडे चालले होते. साडेपाच वाजले असतील. मोगराळे घाट चढून वर आले आणि पुढं एसटी थांबली. फाटाच आहे तो, शेड वगैरे काही नाही, एक बाभळ आहे तेवढीच. सात-आठ पोरं उतरली, पाठीला दप्तरं. मी मागंच गाडी थांबवली, चारी इंडिकेटर लावले. पोरं बसच्या मागून पलीकडं निघाली, त्यात एकाची चप्पल मधेच निसटली, तो ती घ्यायला परत वळला आणि तेवढ्यात माझ्या मागची पांढरी गाडी हॉर्न वाजवत माझ्या उजवीकडून सुसाट गेली. पोरगं चप्पल तिथंच टाकून मागं सरकलं म्हणून वाचलं. चप्पल चाकाखाली. वर तो गाडीवाला जाताना माझ्याकडंच हात करून ओरडला, रस्त्यात का थांबलाय म्हणून.

घरी गेले तर आईशी धड बोलायला जमेना. कारण १९९३ ला, सहावीत होते मी, आम्ही चौघी पासवर एसटीने शाळेत जायचो. पावसाचे दिवस. आमच्यातली एक उतरली आणि बसच्या पुढून पळाली, पलीकडं तिचे आजोबा छत्री घेऊन उभे होते ना. बसला ओव्हरटेक करून जीप आली. मांडीचं हाड मोडलं, सहा महिने अंथरुणात, वर्ष बुडालं. आम्ही सातवीत गेलो, ती सहावीतच. आजोबा परत कधी फाट्यावर दिसले नाहीत. आणि जीपवाला सगळ्यांना एकच सांगत होता, एसटी होती हो, आत शाळेची पोरं आहेत हे मला काय माहीत.

ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही. आमच्या भागात पिवळी स्कूलबस आहेच कुठं, सगळी पोरं एसटीनेच जातात. तर तुम्ही थांबता का? तुमच्यासमोर काय घडलंय? लिहा.

डबलबेल
ताई मी ३१ वर्षं वाहक होतो, आता रिटायर. शाळेच्या टायमाच्या फेरीला पोरं उतरली की मी आधी खाली उतरायचो आणि बसच्या मागच्या कोपऱ्याला हात वर करून उभा राहायचो. पोरं पलीकडं पोचल्याशिवाय डबल बेल नाही. आत बसलेले कुरकुर करायचे, मास्तर गाडी काढा, करू देत. पोरांना एकच शिकवलं होतं, मी नसेन त्या फेरीला आधी बस पुढं निघून जाऊ द्या, रस्ता दोन्हीकडं मोकळा दिसू द्या, मग ओलांडा. बसच्या पुढून तर अजिबात नाही. मागून येणाऱ्याला पोरगं दिसत नाही आणि पोराला गाडी दिसत नाही. तुमच्या मैत्रिणीचं तेच झालं.

सकाळची_घाई
उजवीकडून जाणाऱ्यांचं सगळे बोलतात, डावीकडून घुसणाऱ्या बाईकवाल्यांचं कोण बोलणार?? बस थांबली की दार आणि रस्त्याची कड यात जी फूटभर जागा असते तिथूनच जायचं असतं यांना. माझ्या मुलीने पायरीवरून पाय खाली टाकला आणि हँडल तिच्या दप्तराला लागलं. पडली, कोपर फुटलं. बाईकवाला थांबलासुद्धा नाही. (कुकर झालाय, नंतर येते)

ऊसवाला
मी थांबतो, पण दुसरी बाजू पण ऐका, राग मानू नका ताई. भरल्या ट्रॉलीचा ट्रॅक्टर जागेवर थांबत नाही. सीझनला दोन-दोन ट्रॉल्या मागं असतात, पुढच्या कारवाल्याने कचकन ब्रेक मारला तर मी काय करायचं? उजवीकडं घेतलं तर पोरं, डावीकडं घेतलं तर खड्डा. म्हणून माझं म्हणणं, लांबूनच स्लो व्हा. एसटीचा डावा इंडिकेटर दिसला की लगेच पाय काढायचा. शाळा सुटायची वेळ असेल तर आत पोरं आहेतच असं धरूनच चालायचं.

माणदेशी_माहेर
@ऊसवाला राग कसला, बरोबरच आहे तुमचं. मीही लांबूनच हळू केली होती, मागच्याला भरपूर जागा होती. त्याला थांबायचंच नव्हतं.

शिंगणापूरकर
मोगराळे घाट वाचलं आणि थांबलो!! ताई तुम्ही आमच्याकडच्या निघाल्या. चैत्रात शिखर शिंगणापूरच्या यात्रेला येता का? कावडी बघायला?

माणदेशी_माहेर
न चुकता. माहेर दहिवडीच्या जवळच, वडिलांचं किराणा दुकान होतं.

शिंगणापूरकर
आमचे अण्णा दहिवडीच्या बाजारातूनच बैलांचा साज आणायचे, किराणा कदाचित तुमच्याकडूनच असेल. विषयांतर झालं, माफी. एसटीला मी थांबतो. वडापच्या (शेअर सवारीच्या) जीपमधून पोरं उतरतात तिथं जास्त थांबतो, ती तर कुठंही थांबते आणि पोरं मागच्या फळीवरून उडीच मारतात.

जर्सीची_आई
मी न्यू जर्सीत. इथे पिवळ्या बसचे लाल दिवे लुकलुकायला लागले की दोन्ही बाजूंचं ट्रॅफिक २५ फूट लांब थांबतं. मधे डिव्हायडर असेल तर पलीकडच्यांनी ताशी १० मैलांवर यायचं. नवीन आलो तेव्हा मला बघूनच भरून आलं होतं, एका पोरासाठी अख्खा रस्ता थांबलाय. पण आता लेक हायस्कूलला साध्या सिटी बसने जाते आणि त्या बसला हा नियम नाही. आठ वर्षं पिवळ्या बसने गेलेलं पोर, तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं की मी उतरले म्हणजे गाड्या थांबणार. पहिल्याच आठवड्यात उतरून सरळ रस्त्यावर चालायला लागली. एका बाईंनी दप्तराला धरून मागं ओढलं. त्या बाई कोण हेही मला माहीत नाही. बसचा रंग बदलला म्हणून पोर काय मोठं होतं का एका दिवसात?

नेकारकाठ
@जर्सीची_आई अगदी. मी जर्मनीत, श्टुटगार्टजवळ. इथे खेड्यातली बरीच मुलं साध्या लाईनच्या बसनेच शाळेत जातात, म्हणून नियम पण साध्या बसलाही आहे. स्टॉपवर येताना चालकाने चारी इंडिकेटर लावले की बसला ओव्हरटेक करायचं नाही. थांबल्यावर बाजूने जायचं तर माणूस चालतो त्या वेगाने, समोरून येणाऱ्यांनीसुद्धा, आणि गरज पडली तर पूर्ण थांबायचं. कुठल्या स्टॉपवर धोका आहे आणि तिथं इंडिकेटर लावायचे हे चालकाला आधीच ठरवून दिलेलं असतं. मला ही पद्धत फार पटली. आपल्या एसटीलाही चार इंडिकेटर आहेतच की.

डबलबेल
हे झकास आहे! आमचे एक चालक बसचं तोंड जरा उजवीकडं काढून उभी करायचे, मागच्याला जागाच द्यायचे नाहीत. शिव्या खायचे रोज. त्यांच्या फेरीला एकाही पोराला कधी ओरखडा नाही.

वर्धेकर_मावशी
आमच्याकडं सरकारच्या मानव विकास योजनेची निळी बस येते, शाळेच्या मुलींसाठी. बारावीपर्यंत पास फुकट. ती बस नसती तर माझी भाची आठवीनंतर घरीच बसली असती, गावात शाळाच नाही पुढची. पंधरा-वीस मुली एकदम उतरतात आणि बस पिवळी नाही ना, लोकं साधी गाडी समजून बाजूनं जोरात काढतात. आता मोठ्या मुलीच साखळी करतात, लहानींना मधे घेऊन.

कायदा_वाचतो
१९९७ मध्ये दिल्लीत शाळेची बस यमुनेत पडून २८ मुलं गेली, त्यानंतर सुप्रीम कोर्टाचे आदेश आले. आपल्या राज्यात २०११ चे स्कूलबस नियम आहेत. रंग, मदतनीस, फर्स्ट एड पेटी, वेगाला आळा, सगळं आहे. पण हे सगळं बसवाल्याने पाळायचं. आणि एसटीच्या पासवर जाणारं पोर या नियमांत कुठं बसतच नाही, कारण त्याची बस स्कूलबस नाही.

रात्रपाळी
मी त्या पांढऱ्या गाडीवाल्यासारखाच होतो, खोटं कशाला बोलू. दोन वर्षांपूर्वी एसटीच्या बाजूने काढली आणि एक मुलगी बंपरपासून हातभर अंतरावर थांबली. रडली नाही, ओरडली नाही, नुसती बघत राहिली. मी गाडी कडेला घेतली, अर्धा तास स्टेअरिंग धरून बसलो. तेव्हापासून थांबतो. मागचा कितीही हॉर्न वाजवू दे.

सकाळची_घाई
आले परत. @रात्रपाळी लिहिलंत ते बरं केलं. @माणदेशी_माहेर त्या मुलाची चप्पल?

माणदेशी_माहेर
पार फाटली होती. एका पायात घालून गेला तो. आईने फाट्यावरच्या चहावाल्याला विचारून कुणाचा ते शोधून काढलंय, तिसरीतला आहे. नवी घेतलीय, आई शनिवारी देणार आहे.

डबलबेल
शनिवारी सकाळची शाळा असते हां ताई, आईंना सांगा, अकरा-साडेअकरालाच सुटतात. गाडीवाल्यांनीही ध्यानात ठेवा. त्या वेळी फाट्यावर पोरं असतील असं कुणाच्या मनातच नसतं.