सहा एमएम डॅशर: पुंगळीच्या बुडाजवळ चमकती रेघ का उमटते?

मृगनक्षत्र (पेनसिल्व्हेनिया):

नमस्कार. गेली सहा वर्षे मी इथे ६०० आणि १००० यार्डांच्या बेंचरेस्ट (रायफल बाकावर टेकवून केलेल्या नेमबाजीच्या) स्पर्धांत ६ एमएम बीआर नॉर्मा हे काडतूस वापरतो आहे. या हिवाळ्यात रायफलला नवी नळी बसवून घेताना तिचे चेंबर (नळीच्या मागच्या टोकातली काडतूस बसायची जागा) ६ एमएम डॅशर या काडतुसाचे कापून घेतले. ज्यांना या काडतुसाची ओळख नाही त्यांच्यासाठी सांगतो: पुंगळी (काडतुसाचे पितळी कवच) बीआरचीच असते, पण तिचा खांदा (जिथे ती मानेकडे निमुळती होते तो भाग) सुमारे ०.१ इंच पुढे सरकवलेला असतो आणि त्याचा उतार ३० अंशांऐवजी ४० अंशांचा असतो. त्यामुळे पोटात थोडी अधिक पावडर मावते आणि १०५ ग्रेनच्या (ग्रेन हे वजनाचे लहान माप) गोळीला सेकंदाला २९५० फुटांच्या आसपास वेग मिळू शकतो. हा नवा आकार पुंगळीला चेंबरमध्येच, पहिल्या बाराच्या दाबाने येतो.

माझी अडचण या पहिल्या बाराचीच आहे. मी बीआरच्या ५० नव्या पुंगळ्या घेतल्या आणि गोळी थोडी लांब बसवली, म्हणजे बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता भाग) बंद करताना ती रायफलिंगच्या (नळीतल्या मळसूत्री खाचांच्या) कडांना टेकेल आणि पुंगळी मागे दाबून धरेल. पहिल्या २० पुंगळ्यांत पावडर हलकी ठेवली. त्यांचे खांदे गोलसर राहिले आणि प्रायमर (बुडातल्या, पिनच्या फटक्याने पेटणाऱ्या टोप्या) बुडाच्या पातळीपेक्षा किंचित बाहेर आले. नख फिरवले तरी जाणवत होते. मात्रा वाढवल्यावर उरलेल्या ३० पुंगळ्यांचे खांदे कोरीव आले आणि प्रायमरही जागेवर राहिले, परंतु त्यांतल्या ११ पुंगळ्यांवर बुडापासून साधारण पाव इंचावर एक बारीक, चमकती रेघ गोल फिरलेली दिसते. या पुंगळ्या पुन्हा भरता येतील का? पुढच्या खेपेला काय बदलावे? आणि आकार आल्यानंतर मात्रा कशी ठरवावी?

दूरपल्ला:

त्या ११ पुंगळ्या आजच पक्कडीने चेपून भंगारात टाका, म्हणजे त्या चुकूनही पुन्हा भरल्या जाणार नाहीत. ती रेघ म्हणजे पितळ ताणले जाऊन भिंत पातळ झाल्याची खूण आहे. पुढच्या एखाद्या बारात पुंगळी तिथेच तुटू शकते, आणि त्या वेळी तुमचा गाल बोल्टपासून वीतभर अंतरावर असतो. बाकीच्या १९ पुंगळ्याही तपासून घ्या. बारीक तारेचे टोक काटकोनात वाकवून तासून टोकदार करा, ते पुंगळीत बुडापर्यंत घाला आणि भिंतीला टेकवून हळूहळू वर ओढा. कुठे खाच लागली, टोक क्षणभर जरी अडकले, तरी ती पुंगळी बाद समजावी.

तुम्हाला दोन वेगळे दोष दिसत असले तरी माझ्या मते त्यांचे कारण एकच आहे. फायरिंग पिनचा फटका बसला की पुंगळी पुढे ढकलली जाते. तुमच्या गोळीवर मानेची पकड पुरेशी नसणार, त्यामुळे फटक्यासरशी गोळी मानेत मागे सरकली आणि पुंगळीचे बूड बोल्टपासून सुटले. बार झाल्यावर पुंगळीच्या पातळ भिंती फुगून चेंबरला घट्ट चिकटतात, बुडाकडचे जाड पितळ मात्र चिकटत नाही. दाब कमी असेल तर पुंगळी तिथेच राहते आणि एकटा प्रायमर मागे येऊन बोल्टला टेकतो. हे तुमच्या पहिल्या २० पुंगळ्यांत झाले. दाब जास्त असेल तर तो बुडाला मागे बोल्टपर्यंत ढकलतो, प्रायमर पुन्हा खोबणीत बसतो, आणि चिकटलेली भिंत व सरकलेले बूड यांच्यामधले पितळ ताणले जाते. म्हणून दुसऱ्या खेपेचे प्रायमर निर्दोष दिसले. ते दिसणे फसवे होते.

मी स्वतः गोळीच्या टेकूवर विसंबत नाही, पुंगळीला खोटा खांदा करतो. ६.५ मिमीच्या मँड्रेलने (मान आतून रुंदावणाऱ्या दांडीने) मान मोठी करावी, आणि मग डॅशरच्या डायमधून (पुंगळीला आकार देणाऱ्या साच्यातून) ती थोडी थोडी पुन्हा ६ मिमीवर आणावी. डाय एकदम खाली उतरवू नये. दर वेळी अष्टमांश फेरा फिरवून पुंगळी चेंबरमध्ये घालून पाहावी. सुरुवातीला बोल्ट बंदच होणार नाही. मग एका टप्प्यावर तो बंद होईल, पण बोल्टच्या दांड्याच्या शेवटच्या थोड्या प्रवासात हाताला ठाम विरोध जाणवेल. तिथे डाय पक्की करावी. मानेच्या मुळाशी राहिलेली ती छोटी पायरी चेंबरच्या खांद्याला टेकते आणि बूड बोल्टला दाबून धरते, त्यामुळे पिनचा फटका कितीही जोराचा असला तरी पुंगळीला पुढे जायला जागाच उरत नाही. हे पाहताना बोल्टमधली पिन आणि इजेक्टरची (रिकामी पुंगळी बाहेर फेकणाऱ्या भागाची) स्प्रिंग काढून ठेवावी, नाहीतर त्यांचा जोर आणि पुंगळीचा विरोध यांत फरक कळत नाही.

डायसाठी लावलेले वंगण पुंगळीवरून पूर्ण पुसून टाकावे. आकार छान येतो म्हणून काही जण पुंगळीला तेल लावून बार करतात. त्याने भिंतीची पकड सुटते आणि सगळा जोर बोल्टवर येतो. या पहिल्या बारासाठी मी पावडरच्या उत्पादकाने ६ एमएम बीआरसाठी छापलेल्या सारणीतली मधली मात्रा घेतो आणि त्या सारणीची कमाल कधीही ओलांडत नाही. खांद्याचे कोपरे थोडे गोल राहिले तर राहू द्यावेत, पुढच्या एकदोन बारांत ते भरून येतात.

कासारगल्ली:

वरच्या उत्तराशी मी सहमत आहे. पितळाविषयी थोडी भर घालतो. माझे आजोबा पुण्याच्या तांबट आळीत भांडी घडवत. ठोके बसले की पत्रा ताठतो, आणि ताठलेला पत्रा ताव न देता (तापवून नरम न करता) तसाच ठोकत राहिले तर तो चिरतो, हे त्या घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. काडतुसाचे पितळ म्हणजे ७० भाग तांबे आणि ३० भाग जस्त, आणि त्यालाही हाच नियम लागू आहे. खोट्या खांद्यासाठी मान एकदा ताणली जाते, एकदा आवळली जाते आणि बारात खांदा पुन्हा फुगतो. एवढ्या कामानंतर मान इतकी ताठते की एका पुंगळीची गोळीवरची पकड दुसरीशी जुळत नाही. म्हणून पहिल्या बारानंतर मान आणि खांदा यांना ताव द्यावाच. पुंगळीचे बूड मात्र कधीही तापवू नये. ते नरम झाले तर दाब सोसणार नाही. अंधाऱ्या खोलीत ज्योतीवर पुंगळी फिरवताना मानेच्या कडेला अंधुक लाली दिसू लागली की त्याच क्षणी ती बाहेर घ्यावी.

आकार घेताना पुंगळीची लांबी थोडी कमी होते, आणि डॅशरची मान मुळातच आखूड असते. त्यामुळे सगळ्या पुंगळ्यांना आकार येईपर्यंत एकही छाटू नये. मग सर्वांत आखूड पुंगळीच्या मापाने बाकीच्या कापाव्यात. मान बाहेरून तासणार असाल तर ती बाराआधीच तासावी, आणि तासणी नव्या खांद्याची सुरुवात जिथे होणार आहे तिच्या थोडी खालपर्यंत न्यावी. ती त्याआधीच थांबली तर मानेच्या मुळाशी आतून जाड कडे राहते आणि गोळीचे बूड त्यात आवळले जाते.

दूरपल्ला:

मात्रेचा प्रश्न राहिला होता. कोणा अनोळखी माणसाने इंटरनेटवर लिहिलेला ग्रेनचा आकडा, माझासुद्धा, उचलू नये, कारण तुमचे चेंबर, नळी आणि पावडरचा डबा वेगळा आहे. उत्पादकाच्या सारणीतल्या सुरुवातीच्या मात्रेपासून ०.२ ग्रेनच्या पायऱ्यांनी वर जावे आणि प्रत्येक बाराचा वेग क्रोनोग्राफवर (वेगमापक यंत्रावर) नोंदवावा. बीआरच्या घराण्यातल्या पुंगळीचे बूड भक्कम असते आणि प्रायमर लहान, त्यामुळे जास्त दाबाच्या खुणा उशिरा दिसतात. बोल्ट उचलताना जड लागला, किंवा बुडावर इजेक्टरचा चकाकता ठसा उमटला, तर हद्द आधीच ओलांडली गेली आहे असे समजून मात्रा कमी करावी.

वेग सर्वांत जास्त मिळतो ती मात्रा निवडण्यात अर्थ नाही. शेजारच्या दोनतीन पायऱ्यांचे बार लक्ष्यावर एकाच उंचीला लागतात ती जागा शोधावी, आणि तीही १०० यार्डांवर नव्हे, निदान ६०० यार्डांवर. १००० यार्डांवर सेकंदाला १० फुटांच्या फरकाने गोळी दोन-अडीच इंच वरखाली होते. वार्गेट या पावडरचा एक दाणा साधारण ०.०२ ग्रेनचा असतो. तुमचा काटा तेवढे दाखवत असेल तर मात्रा दाण्यापर्यंत मोजावी. मात्रा पक्की झाली की मगच गोळीची खोली ०.००३ इंचांच्या टप्प्यांनी बदलून पाहावी. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी बदलल्या तर गट कशामुळे सुधारला ते कधीच कळत नाही.

ईशान्य:

ज्यांना एवढा खटाटोप नको असेल त्यांना नॉर्मा आणि अल्फा यांच्या तयार डॅशर पुंगळ्या घेता येतात. आकार देण्यात नळीचे ५०-१०० बार खर्ची पडतात, आणि स्पर्धेच्या नळीचे आयुष्य मोजकेच असते, हाही हिशेब करावा. भारतातून वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की शस्त्र अधिनियम, १९५९च्या कलम ५ नुसार दारूगोळा तयार करण्यासाठी परवाना लागतो. परवान्याशिवाय यातले काहीही करून पाहू नये.

मृगनक्षत्र:

सर्वांचे मनापासून आभार. तार फिरवून पाहिली. रेघ असलेल्या ११ पुंगळ्यांपैकी ९ मध्ये टोक अडकले, आणि ज्यांवर बाहेरून काहीही दिसत नव्हते अशा आणखी ४ मध्येही अडकले. तेराच्या तेरा, आणि उरलेल्या दोनही, चेपून टाकल्या. शनिवारी खोटा खांदा करून दहा नव्या पुंगळ्या भरल्या. डाय जागेवर आणायला तासभर गेला, कारण आधीच्या खेपेला मी ज्याला विरोध समजत होतो तो निव्वळ इजेक्टरच्या स्प्रिंगचा होता. दहाही पुंगळ्यांचे प्रायमर बुडाशी सपाट आले, तार तळापासून खांद्यापर्यंत कुठेही न अडकता फिरली, आणि बुडापासून खांद्यापर्यंतचे माप दहांतही ०.००१ इंचाच्या आत आहे. उरलेल्या चाळीस पुढच्या शनिवारी करेन, आणि ताव दिल्यानंतरची वेगाची नोंद इथेच लिहीन.