मदत हवी आहे: एए मीटिंगच्या दारापर्यंत जाऊन परत आलो (नाशिक)

नमस्कार मंडळी. वय ४२, सातपूरला कंपनीत आहे, राहायला सिडकोत. दारू बंद करून आज २३ दिवस झाले. याआधी एकदा स्वतःच्या मनाने एकदम बंद केलेली, तेव्हा तिसऱ्या दिवशी हात इतके थरथरत होते की कप बशीवर वाजत होता आणि रात्री भिंतीवर नसलेले किडे दिसायला लागले, बायकोने शेजारच्यांना उठवून रिक्षाने दवाखान्यात नेलं. म्हणून यावेळी अ‍ॅडमिट होऊनच सोडली, सलाईन, बी-१ ची इंजेक्शनं, गोळ्या हळूहळू कमी केल्या. रोज पिणाऱ्या कोणी हे वाचत असेल तर प्लीज डॉक्टरला विचारल्याशिवाय एकदम बंद करू नका, जीवावर बेततं.

डिस्चार्ज देताना डॉक्टर म्हणाले की अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या (एए, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांचा एकमेकांना आधार देणारा गट) मीटिंगला जात राहा, नुसत्या गोळ्यांवर राहू नका. फोन करून पत्ता घेतला, गेल्या गुरुवारी गेलो. शाळेचा वर्ग होता, बाहेर आठ-दहा चपला, आत एकजण बोलत होता आणि बाकीचे गप्प ऐकत होते. मी पायरीवर बसून बुटाची लेस सोडली, परत बांधली, परत सोडली, असं दहा मिनिटं केलं आणि निघून आलो. येताना गाडी आपोआप जुन्या बारच्या रस्त्याला लागली. बाजूला लावून बायकोला फोन केला, ती बोलत राहिली, मी रडत होतो.

तर विचारायचं असं की आत गेल्यावर बोलावंच लागतं का, कारण मला चार लोकांत उभं राहून बोलता येत नाही, आणि कंपनीतलं कोणी तिथे भेटलं तर काय, आणि माझी शिफ्ट दर आठवड्याला बदलते तर एकाच वाराला जमणार नाही, ते चालतं का? बायकोला सोबत आणू शकतो का? ती म्हणते मी बाहेर थांबते पण तिला बाहेर थांबवणं बरं वाटत नाही.

प्रतिसाद १
दादा, मी नाशिकरोडचा, एएत ९ वर्षं झाली. पहिल्या वेळी मीसुद्धा चहाच्या टपरीवरूनच परत गेलेलो. बोलायची सक्ती अजिबात नाही, तुमची पाळी आली की "आज फक्त ऐकतो" एवढं म्हणा, कोणी पुढे विचारणार नाही. फक्त पहिलं नाव, आडनाव नाही, कंपनी नाही. आणि कंपनीतला कोणी भेटलाच तर तोही त्याच कारणाने आलेला असणार ना, तिथलं तिथेच राहतं. एकजण शेअरिंग करताना दुसरा मधे बोलत नाही, सल्ले देत नाही. फी नाही. शेवटी पेटी फिरते ती ऐच्छिक, तुम्ही पहिल्यांदा काही टाकू नका. अट एकच, दारू सोडायची इच्छा. १९३५ साली अमेरिकेत एक शेअरबाजारातला माणूस आणि एक सर्जन, दोघेही दारुडे, एकमेकांशी बोलून सोबर राहू लागले, तिथून हे सुरू झालं. आपल्याकडे १९५७ पासून आहे. वार बदलला तरी चालतो, वेगवेगळ्या ग्रुपच्या मीटिंगा वेगवेगळ्या वारी असतात, नाईट शिफ्ट असली तर ऑनलाइन मीटिंग करा. पण नेटवरच्या यादीतले पत्ते बरेचदा जुने असतात, निघण्याआधी फोन कराच. आणि फोनवरच सांगा की नवीन आहे, गेटवर कोणीतरी येऊन थांबा. एकजण घ्यायला आला की पायरीवर बसायची वेळ येत नाही.

प्रतिसाद २
भाऊ, वहिनींना बाहेर थांबवू नका. ओपन मीटिंग असेल तर घरचे आत बसू शकतात, क्लोज्ड असेल तर फक्त पिणाऱ्यांसाठी असते, फोनवर तेवढं विचारून घ्या. पण त्यांच्यासाठी वेगळं अल-अनॉन आहे, ते घरच्यांचंच, एएच्या एका संस्थापकाच्या बायकोने १९५१ मध्ये सुरू केलं. मी मिस्टरांसाठी म्हणून गेले होते आणि तिथे पहिल्यांदा कळलं की रात्री बाटल्या शोधून बेसिनमध्ये ओतत बसणं हाही माझा आजारच झालेला. मिस्टर अधूनमधून पितात अजून, तरी मी जाते. रात्री-अपरात्री फारच ओढ लागली आणि कोणी उचललं नाही तर १४४४६ ही सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे, मन फार खचलं तर टेलि-मानस १४४१६. दोन्ही नंबर मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा.

धागाकर्ता
दोघांचे मनापासून आभार. काल जाऊन आलो. फोनवर सांगितलं होतं तसे एक काका गेटवर उभे होते, साठीच्या पुढचे, काही न विचारता माझ्या हातात चहाचा कप दिला आणि स्वतःच्या शेजारी बसवलं. मी फक्त नाव सांगितलं आणि २९ दिवस म्हणालो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मला वर बघवेना. शेवटी सगळे उभे राहून प्रार्थना म्हणाले, शब्द येत नव्हते, नुसता उभा राहिलो. काकांनी त्यांचा नंबर दिलाय, सांगितलं प्यायच्या आधी फोन कर, नंतर नको. बायको ओपन मीटिंगला येणार आहे.

पुढच्या आठवड्यात सेकंड शिफ्ट आहे त्यामुळे संध्याकाळ जमणार नाही. सिडको, इंदिरानगर किंवा अंबडच्या बाजूला रविवारी सकाळची मीटिंग कुठे होत असेल तर प्लीज सांगा, आणि नाशिकमध्ये अल-अनॉनला जाणारं कोणी असेल तर बायकोला एकदा सोबत हवी आहे.