'नोंद काढ' म्हणजे दाखव की उडव? इन्सर्ट, अपडेट, रिमूव्हला बटणावर काय लिहायचं

हरिपूर_रोड
मंडळी, जरा शब्दांची मदत पाहिजे. सांगली मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत दुकानासाठी छोटं सॉफ्टवेअर करतोय, आत नेडीबी बसवलाय, म्हणजे वेगळा सर्व्हर वगैरे काही नाही, डेटाबेस प्रोग्रॅमच्याच पोटात आणि डेटा एका साध्या फाइलीत, एक ओळ म्हणजे एक जेसन डॉक्युमेंट (फील्डचं नाव आणि त्यातली माहिती अशा जोड्यांत लिहिलेली एक नोंद). शेतकऱ्याचं नाव, गाव, पोती, वजन, सौद्याचा दर, हमाली, तोलाई असं सगळं एकाच डॉक्युमेंटात राहतं, कुणाच्या नोंदीत गाडीनंबर असतो कुणाच्या नसतो तरी चालतं, म्हणून हाच प्रकार बरा वाटला. आता इन्सर्ट (नवीन नोंद घालणं), अपडेट (असलेली बदलणं) आणि रिमूव्ह (उडवणं) ही बटणं मराठीत करायची आहेत. मालक म्हणतात 'टाका', 'बदला', 'काढा', तीन बटणं, विषय संपला. पण दिवाणजी दिवसभर 'ती कवठ्याची नोंद काढ रे' म्हणत असतात आणि त्यांना ती स्क्रीनवर बघायची असते, उडवायची नसते! मग रिमूव्हच्या बटणावर 'काढा' लिहायचं कसं?

पोवई_नाका
दिवाणजी बरोबर आहेत. तलाठ्याकडनं उतारा काढतो तेव्हा तो रेकॉर्डमधनं जातो थोडाच. फोटो काढतो, कर्ज काढतो, आवाज काढतो, भांडण काढतो, सगळीकडं नसलेलं किंवा आत असलेलं बाहेर आणणं आहे. उलट काटा काढतो, गाळ काढतो, माणूस कामावरनं काढतो, तिथं ते जायलाच पाहिजे. दात काढणे तर दोन्हीकडं, डॉक्टर काढतो तेव्हा जातो आणि आपण काढतो तेव्हा नुसता दिसतो 😄 नुसतं 'काढा' बटणावर नको.

बेदाणा_तासगाव
'टाका' पण तसलंच आहे की राव. 'एन्ट्री टाक' म्हणजे घाल, आणि 'टाकून दे' म्हणजे फेक. आमटीत मीठ टाकतात आणि उकिरड्यावर कचरा पण टाकतात. एखाद्यानं 'टाका' बटण बघून नोंद टाकून दिली असं समजलं तर त्याची काय चूक? 'घाला' म्हणावं तर आमच्याकडं बेदाणा कोल्ड स्टोरेजला घालतात, तुमच्या हरिपुरात हळद पेवात घालायचे, माल घालतात, पण नोंद घातली कोण म्हणत नाही, नोंद करतात.

पोवई_नाका
मला वाटतं खरं काम दुसरं क्रियापद करतंय. काढून दे, काढून ठेव, काढून टाक. पहिल्यात माणसाला पाहिजे असतं, दुसऱ्यात बाजूला राहतं, तिसऱ्यात गेलं. म्हणजे फाइंड (नोंद शोधणं) झालं 'काढून दे' आणि रिमूव्ह झालं 'काढून टाक', आणि मधलं 'काढून ठेव' म्हणजे नोंदीवर 'रद्द' असा शिक्का मारून यादीतनं लपवायचं पण डेटात राहू द्यायचं, ज्याला सॉफ्ट डिलीट म्हणतात. मराठीत तिन्हीला शब्द तयार आहेत, आपणच 'विलोपन' शोधत बसतो.

विश्रामबाग_चौक
विलोपन नकोच, ते वाचून दिवाणजी मालकाला फोन लावतील. मोबाइलवर 'हटवा' असतं पण हटवतात ते अतिक्रमण, आणि ते चार दिवसांनी परत येऊन बसतं. मराठी विकिपीडियावर 'वगळा' आहे तो मला बरा वाटतो, मतदारयादीत पण नाव वगळतातच.

कराडकर
मतदारयादीचं नाव काढलंत (हे काढणे अजून तिसरंच!) म्हणून सांगतो, तिथं आपली तीनही कामं आधीच वेगळी करून ठेवलीत, फॉर्म ६ नवीन नाव घालायला, ७ वगळायला, ८ दुरुस्तीला. रेशनकार्डावर 'नाव चढवणे' आणि 'नाव कमी करणे' म्हणतात. झेडपीच्या शाळेत दाखल-खारीज रजिस्टर असायचं, म्हणजे इन्सर्ट-रिमूव्हची जोडी आपल्याकडं जुनीच आहे, फक्त खारीज म्हटलं की आता अर्ज फेटाळल्यासारखं वाटतं. अडत दुकानात 'नोंद कमी करा' चालेल असं वाटतं.

हरिपूर_रोड
कराडकर दादा, 'कमी करा' आवडलं होतं पण अडचण अशी की इथं वजन पण कमी होतं, दर पण कमी होतो, दिवाणजी 'कमी करा' दाबून वजनात घट मांडायला जातील. वगळा म्हटलं तर यादीतनं वगळलं, पट्टीतनं (शेतकऱ्याला द्यायच्या हिशेबाच्या कागदातनं) नाही, असा पण अर्थ काढतील (बघा, परत काढलाच). सध्या 'काढून टाका' पुढं आहे. आता अपडेटचं बोला, 'बदला' ठेवू का?

सातारा_रस्ता
थांबा, इथं शब्दानं पैसे जातील. नेडीबीत अपडेटला नुसतं नवीन डॉक्युमेंट दिलं, म्हणजे डॉलर-सेट ($set, 'एवढीच फील्ड बदल' असं सांगणारी खूण) न लावता नुसतं 'दर अमुक' एवढंच दिलं, तर तो दर बदलत नाही, अख्खं डॉक्युमेंट बदलतो. नाव, गाव, पोती, वजन सगळं जातं, राहतो फक्त आयडी आणि दर. डॉलर-सेट लावलं तरच बाकीचं शाबूत ठेवून तेवढा दर बदलतो. आणि गंमत म्हणजे आपलं 'बदलणे' पण असंच दुतोंडी आहे. बल्ब बदल म्हटलं की जुना बल्ब गेला, नवा आला. दर बदल म्हटलं की पट्टी तीच, आकडा दुसरा. तेव्हा बटणावर 'दुरुस्ती' लिहा आणि आत डॉलर-सेटच वापरा, दुरुस्ती म्हणजे वस्तू तीच राहते हे मराठी माणसाला सांगायला लागत नाही.

बेदाणा_तासगाव
सगळीकडं असंच असतं का? मी पायथॉनवाला, टायनीडीबी वापरतो, तिथं अपडेटला दिलेल्या फील्डच तेवढ्या बदलतात, बाकीच्या तशाच राहतात.

सातारा_रस्ता
नाही, प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. लाइटडीबी, तो डॉटनेटवाला, त्याच्या साध्या अपडेटला पूर्ण डॉक्युमेंटच द्यायचं, आयडी बघून जुन्याच्या जागी नवं बसवतो. पाउचडीबीत तर जुन्या डॉक्युमेंटचा रिव्हिजन नंबर दिल्याशिवाय बदलूच देत नाही, कॉन्फ्लिक्ट म्हणून परत पाठवतो, मला तो हिशेबी स्वभाव आवडतो. तुझ्या टायनीडीबीत दुसराच खड्डा आहे, अट न देता अपडेट केलं तर सगळ्या नोंदी बदलतात. रिमूव्हला मात्र अट नसेल तर एरर देतो, सगळं घालवायचंय तर ट्रंकेट म्हण म्हणतो. नेडीबीचं उलटं, अपडेट असो की रिमूव्ह, मल्टी ट्रू ('एकाहून जास्त नोंदी चालतील' असा पर्याय) दिल्याशिवाय एकच नोंद धरतो, अटीत दहा बसत असल्या तरी. म्हणून 'कवठ्याच्या नोंदी काढून टाक' आणि 'कवठ्याची नोंद काढून टाक' यातलं एकवचन-अनेकवचन मशीनला वेगळं सांगायला लागतं.

विश्रामबाग_चौक
एक शंका. 'काढून टाका' दाबल्यावर ती खरंच जाते का फाइलीतनं? हरिपूर रोड भाऊ म्हणाले साधी फाइल आहे म्हणून विचारतो.

हरिपूर_रोड
लगेच जात नाही ताई, आणि हाच भाग मला सगळ्यात आवडतो. नेडीबी जुनी ओळ खोडत नाही, फाइलीच्या शेवटी नवीन ओळ लिहितो की अमक्या आयडीची नोंद डिलीटेड. दुरुस्ती केली तरी तेच, जुनी ओळ वर तशीच आणि खाली नवी अख्खी ओळ. फाइल उघडताना वरनं खाली वाचत येतो आणि शेवटची ओळ खरी धरतो. आपल्या ७/१२ ला जुन्या खातेदाराच्या नावाला कंस करायचे आणि शेजारी फेरफार नंबर टाकायचे, आता नव्या नमुन्यात आडवी रेघ मारतात, पण नाव वाचता येतंच ना, तसं. फरक एवढाच की फेरफार गाव नमुना ६ ला कायमचा राहतो आणि नेडीबी मात्र पुढच्या वेळी प्रोग्रॅम सुरू झाला की फाइल आवळतो, कॉम्पॅक्शन म्हणतात, तेव्हा जुन्या ओळी खरंच जातात. म्हणून चुकून काही उडालं तर प्रोग्रॅम बंद करायच्या आधी फाइलीची कॉपी मारून ठेवायची, परत सुरू केला की संपलं.

पोवई_नाका
मग आवळायच्या आधीचं ते 'काढून ठेवलं' आणि नंतरचं 'काढून टाकलं' 😄

कराडकर
रोजकीर्द लिहिणारी जुनी माणसं खोडाखोड करतच नव्हती, चुकलं तर उलटी नोंद मारायची. अडत दुकानाच्या हिशेबाला मी तर म्हणेन रिमूव्ह बटण ठेवूच नका, 'नोंद रद्द करा' ठेवा आणि आत फक्त रद्द ट्रू असं डॉलर-सेट करा. शेतकऱ्याला पट्टी दिल्यावर नोंद गायब झाली तर विचारायला तो तुमच्याकडंच येणार, नेडीबीकडं नाही. आणि एक, मूळ नेडीबीची देखभाल बंद झालीय, इतरांनी पुढं चालवलेली प्रत घ्या.

हरिपूर_रोड
देखभालीचं खरंय, मी पुढं चालवलेलीच घेतलीय. 'रद्द' पटलं एकदम, चेक रद्द होतो, बस रद्द होते, कुणाला समजावायला नको. तर सध्या असं: 'नवीन नोंद', 'दुरुस्ती', 'रद्द', आणि शोधायला 'नोंद दाखवा', म्हणजे काढणे कुठंच नाही. दिवाणजी तोंडानं काय म्हणायचं ते म्हणू देत. अप्सर्टला काही सुचतंय का? असेल तर दुरुस्त, नसेल तर नवीन. दुकानात याची गरज पडते, एकाच शेतकऱ्याचा पत्ता-मोबाइल दर फेरीला येतो.

बेदाणा_तासगाव
त्याला बटणच नको. 'जतन करा' म्हणा, आत काय झालं ते दिवाणजींना कशाला.

विश्रामबाग_चौक
जतन म्हटलं की गडकिल्ले आठवतात. 'सेव्ह करा' लिहा, सगळ्यांना कळतं.

हरिपूर_रोड
मालकांनी पण 'सेव्ह' च म्हटलंय. सोमवारी सौदे सुरू व्हायच्या आत बसवतो, दिवाणजी कुठं अडले तर इथंच लिहीन.