त्वचेच्या लेशमॅनियासिससाठी नवी संयुगे शोधावीत की हाती असलेले उपचारच नीट वापरावेत?

धागालेखक

वाळूमाशीच्या चाव्यातून शरीरात शिरणाऱ्या लेशमॅनिया या परजीवीमुळे चेहऱ्यावर आणि हातापायांवर व्रण होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार दरवर्षी ६ ते १० लाख लोकांना हा आजार नव्याने होतो. तरीही १९४०च्या दशकापासून चालत आलेली अँटिमनी या धातूसदृश मूलद्रव्याची इंजेक्शनेच अनेक ठिकाणी मुख्य उपचार आहेत. जीव न घेणाऱ्या व्रणासाठी रुग्णाने २० दिवस रोज टोचून घ्यावे आणि हृदयाची लय बिघडण्याचा, स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका पत्करावा, हे मला पटत नाही. तोंडाने घेता येतील अशी नवी संयुगे शोधण्याला आता प्राधान्य मिळायला हवे.

प्रतिसाद १ (असहमत)

तक्रार रास्त आहे, उपाय नाही. व्रणावर ५० अंश सेल्सियसची उष्णता ३० सेकंद देण्याची पद्धत आहे, पॅरोमोमायसिन या प्रतिजैविकाचे मलम आहे. तीच सर्वत्र पोहोचलेली नाहीत. मिल्टेफोसिनचेच पाहा. मुळात कर्करोगासाठी तयार झालेल्या या गोळीला २०१४ मध्ये अमेरिकेत या आजारासाठी मान्यता मिळाली, त्याबद्दल कंपनीला मिळालेले प्राधान्य-व्हाउचर (दुसऱ्या एखाद्या औषधाची सरकारी तपासणी लवकर करून घेण्याचा, विकता येणारा हक्क) १२.५ कोटी डॉलरना विकले गेले, आणि गरीब रुग्णाला ती गोळी मिळण्याची अडचण मात्र कायम राहिली. नव्या संयुगाच्या वाट्याला वेगळे काय येणार?

धागालेखक

वितरणाचा दोष संशोधनाच्या माथी मारू नये. मिल्टेफोसिन गर्भाला घातक असल्याने गरोदर स्त्रीला देता येत नाही, म्हणजे ती गोळी घरोघरी पोहोचली तरी ही उणीव उरतेच. उष्णता मोजक्या, लहान व्रणांपुरती ठीक. पण लेशमॅनिया ब्राझिलिएन्सिस या प्रजातीचा संसर्ग पुढे नाका-तोंडाच्या अंतस्त्वचेत पसरू शकतो, तिथे वरवरचा उपचार पुरत नाही.

खरी अडचण परजीवीच्या बिऱ्हाडात आहे. आपल्या शरीरात तो ज्या भक्षक पेशींनी त्याला पचवायचे, त्यांच्याच आम्लधर्मी पोकळीत राहून वाढतो. त्यामुळे संयुगाला पेशीचे आवरण आणि त्या पोकळीचे आवरण ओलांडून, आम्लात टिकून, यजमान पेशीला इजा न करता त्याला मारावे लागते. शेपटीवाल्या, मोकळ्या अवस्थेतील परजीवींना परीक्षानळीत सहज मारणारी कितीतरी संयुगे पेशीतल्या बिनशेपटीच्या अवस्थेपुढे निष्प्रभ ठरतात.

प्रतिसाद २

दोघांच्याही नजरेतून एक गोष्ट सुटते आहे. लेशमॅनिया मेजर या प्रजातीमुळे होणारे व्रण बरेचदा काही महिन्यांत आपोआप भरतात, त्यामुळे तुलनेसाठी दुसरा गट नसलेल्या चाचणीत औषधाचा गुण कोणता आणि शरीराचा कोणता, हे कळतच नाही. अशा चाचण्यांच्या भरवशावर नव्या संयुगांसाठी पैसा मागणे मला धोक्याचे वाटते.

धागालेखक

हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो, पण त्यातून संशोधन थांबवण्याचे नव्हे, तर चाचण्या कडक करण्याचे कारण मिळते. संयुगाची पारख पहिल्या टप्प्यापासून पेशीतल्या परजीवीवर आणि एकाहून अधिक प्रजातींवर व्हावी, आणि व्रण भरल्यावर मागे किती वण राहिला याचीही नोंद घ्यावी, कारण चेहऱ्यावरचा तो वण रुग्णाला जन्मभर वागवावा लागतो.