'रायसर' या शब्दाचे मराठीत काय करावे?

प्रश्न

सध्या मी एका अमेरिकन कौटुंबिक कादंबरीचा मराठी अनुवाद करीत आहे. तिच्यात 'रायसर' हा शब्द दोन ठिकाणी आला आहे. एकदा आजी सणाच्या जेवणासाठी उकडलेले बटाटे रायसरमधून काढते आणि पुढे तिचाच मुलगा शेजारच्या तरुणाच्या सजवलेल्या होंडा सिव्हिककडे पाहून तोच शब्द तिरस्काराने उच्चारतो. संगणक क्षेत्रातील माझा भाचा म्हणतो की, त्यांच्याकडे हा शब्द कौतुकाने वापरतात. या तिन्ही अर्थांचा एकमेकांशी काही संबंध आहे का, आणि मराठीत कोणते शब्द योजावेत?

प्रतिसाद १

स्वयंपाकघरातील अर्थ सरळ आहे. रायसर म्हणजे बारीक भोकांचे भांडे आणि लिंबू पिळण्याच्या यंत्राला असतात तसे दोन लांब दांडे. बटाटा सालीसकट उकडून, गरम असतानाच अर्धा चिरून, चिरलेली बाजू भोकांवर ठेवून दांडे दाबले, की गर तांदळाच्या दाण्यांसारखा मोकळा होऊन खाली पडतो आणि साल आतच राहते. या दाण्यांवरूनच हे नाव पडले. हाच बटाटा मिक्सरमध्ये फिरवला तर त्यातील पिठूळ अंश सुटून त्याचा चिकट लगदा होतो. म्हणून न्योकी, म्हणजे उकडलेल्या बटाट्याचे छोटे इटालियन गोळे, करणारे लोक रायसरच पसंत करतात. पुरणयंत्र हा शब्द मात्र येथे योजू नये, कारण त्यात पाते फिरते, तर रायसरमध्ये दाब द्यावा लागतो. आपल्या घरातले त्याचे जवळचे भावंड म्हणजे सोऱ्या. 'बटाट्याचा सोऱ्या' असे लिहिल्यास वाचकाला कृती डोळ्यांपुढे दिसेल.

प्रतिसाद २

गाडीच्या संदर्भातील शब्दाचा या भांड्याशी काही संबंध नाही. अमेरिकेत जपानी मोटारसायकलींना आणि नंतर मोटारींना हिणवण्यासाठी 'राइस बर्नर', म्हणजे तांदूळ जाळून चालणारी गाडी, असे म्हटले जाई. 'रायसर' हे त्याच कुळातले आहे. 1973 च्या तेलसंकटानंतर कमी इंधनात चालणाऱ्या जपानी गाड्यांचा खप तेथे वाढला, मोटारनिर्मितीचे शहर असलेल्या डेट्रॉइटमधील कारखान्यांत कामगारकपात होऊ लागली आणि राग गाड्यांवरून माणसांवर वळला. 1982 मध्ये त्याच परिसरात चिनी वंशाच्या व्हिन्सेंट चिन या तरुणाला मोटार उद्योगाशी संबंधित दोघांनी मारहाण केली व त्यात त्याचा मृत्यू झाला. मारेकऱ्यांना प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सुटका, आणि 3,000 डॉलर दंड एवढीच शिक्षा झाली. हा शब्द त्याच हवेत वाढला आहे, हे अनुवादकाने विसरू नये. पुढे इंजिनाला हात न लावता मोठा स्पॉयलर (गाडीच्या मागचा पंख), रुंद सायलेन्सर आणि स्टिकर लावणाऱ्या कोणालाही रायसर म्हणू लागले. 'राइस' ही 'रेस इन्स्पायर्ड कॉस्मेटिक एन्हान्समेंट' या शब्दांची आद्याक्षरे असल्याचे सांगितले जाते, परंतु ती मागाहून जुळवलेली फोड आहे आणि तिने मूळचा वांशिक डंख झाकला जातो, म्हणून मला ती मुळीच आवडत नाही.

प्रतिसाद ३

आपल्या भाच्याचे म्हणणे बरोबर आहे. जेंटू या लिनक्स कुळातील संगणक-प्रणालीत प्रोग्रॅम आपल्याच संगणकावर कंपाइल करण्याची, म्हणजे मूळ संहितेपासून चालण्याजोगे बनवण्याची, पद्धत आहे. त्यासाठीच्या सूचनांत सतत फेरफार करून वेग वाढल्याचे समाधान मानणाऱ्यांना मोटारींवरूनच 'रायसर' म्हणत. आता 'राइस' म्हणजे रंग, अक्षरे, खिडक्यांची मांडणी यांच्या सूचना स्वतः लिहून घडवलेला डेस्कटॉप, आणि लोक आपल्या राइसची चित्रे अभिमानाने दाखवतात. वापरणाऱ्यांपैकी पुष्कळांना पूर्वपीठिका ठाऊक नसते. येथे 'राइस' तसाच ठेवावा.

प्रश्नकर्तीचे उत्तर

मनःपूर्वक धन्यवाद. आजीसाठी 'बटाट्याचा सोऱ्या' घेते. मुलाच्या तोंडी 'भातखाऊंची गाडी' असे घालावे का?

प्रतिसाद २ लिहिणाऱ्याचे उत्तर

एकटा 'भातखाऊ' पुरणार नाही. आमच्या कोकणात दोन्ही वेळा भातच असतो आणि हा शब्द घाटावरचे नातेवाईक आम्हाला प्रेमानेही ऐकवतात; त्यामुळे मराठी वाचकाला तो थट्टेचा वाटेल. 'आली त्या भातखाऊ जपान्यांची गाडी' असे लिहिल्यास रोख कोणावर आहे ते कळेल. शेजारचा तरुण जपानी वंशाचा नसेल, तरीही 'जपान्यांची' हा शब्द काढू नये.