जालीम: माणूस की औषध?

परवा दादरला स्टेशनजवळच्या मेडिकलमध्ये उभी होते. पुढच्या आजी म्हणाल्या, "खोकल्यावर काहीतरी जालीम दे रे बाबा." काउंटरवरचा मुलगा नवा, बहुधा उत्तरेकडचा. गोळ्यांची पट्टी हातात तशीच धरून म्हणतो, "जालिम? कौन जालिम?" हिंदीत जालिम म्हणजे छळणारा, क्रूर माणूस. आपण मात्र तो औषधाला लावतो, तेही कौतुकाने. हे कसं झालं असावं?

— मूळ अरबी 'जुल्म', आपल्याकडे आला फारसीमार्गे. अरबी कोशकार त्याची फोड 'वस्तू भलत्याच जागी ठेवणं' अशी करतात. त्यावरून हक्क डावलणं, अन्याय. तो करणारा जालिम, सोसणारा मजलूम. हा 'मजलूम' आपल्या 'मजकूर'च्याच साच्यातला: जिक्र झालेला तो मजकूर, जुलूम झालेला तो मजलूम. मजकूर मराठीत घरचा झाला, मजलूम मात्र उंबऱ्याबाहेरच राहिला. छळणारा घेतला, सोसणारा नाही!

— पण माणसासाठी आपल्याकडे 'जुलमी' आहे ना. जुलमी राजा, जुलमी सावकार. 'जुलमाचा रामराम'मध्ये तर छळही उरला नाही, नुसती बळजबरी. ती जागा भरलेली, म्हणून जालीम विषाला, औषधाला, उपायाला चिकटला असेल.

— मला वाटतं आधी विष, मग औषध. दयामाया न दाखवणं हा दोघांचाही गुण. कफाच्या बाजूने बघा, काढा त्याच्यावर जुलूमच करतो की! आणि हिंदीत ही छटा अगदीच नाही असं नाही. गजकर्णावरच्या एका जुन्या लोशनचं नावच जालिम आहे. उर्दू शायरीत तर प्रेयसीच जालिम.

— ताई, लिहिताना मराठीत 'ली' दीर्घच हवी हं, हकीम-मुनीमसारखी. हिंदीत ऱ्हस्व. जुलूमचंही तसंच, दीर्घ 'लू'; विभक्ती लागली की तो 'लू' मोडतो आणि 'जुलमाचा' होतं.

— लक्षात ठेवते. पण त्या मुलाला शेवटी काय कळलं, ते सांगायचं राहिलंच. आजींनी दोनदा 'जालीम, जालीम' करून पाहिलं, मग वैतागून म्हणाल्या, "अरे, स्ट्राँग!" त्याने लगेच बाटली काढली.