भाचीला घ्यायला घाबरणारी बहीण : मंत्रचळ की आणखी काही?

मिरजेचा_दादा

नमस्कार मंडळी. घरात आई, बायको, आमची आठ महिन्यांची मुलगी आणि माझी धाकटी बहीण. बहीण 22 वर्षांची, बी.कॉम. झालेली. गेले पाच महिने तिचं काहीतरी बिनसलंय.

सुरुवात हात धुण्यापासून झाली. दूध तापवायचं तर आधी हात, मग पातेलं, मग परत हात. आंघोळीला दीड तास. साबणाची वडी चार दिवसांत संपते. बोटांच्या पेरांना भेगा पडून रक्त येतं, तरी नळ बंद होत नाही. आई म्हणायची, आजीचं सोवळं हिच्यात उतरलंय. आम्हीही विषय तिथंच सोडला.

दिवाळीनंतर तिनं बाळाला घेणं बंद केलं. पाचवीपासून जिनं तिला मांडीवर खेळवलं, तीच आता बाळ रांगत आलं की उठून दुसऱ्या खोलीत जाते. मग एके दिवशी विळी सापडेना. शोधता शोधता माळ्यावर ट्रंकेच्या मागे गाठोडं मिळालं. आजीच्या जुन्या लुगड्यात विळी, दोन सुऱ्या, कात्री आणि नेलकटर, सगळं गुंडाळून वर घट्ट गाठ मारलेली. विचारलं तर ढसाढसा रडली. म्हणाली, "दादा, माझ्या मनात येतं की मी बाळाला काहीतरी करेन. मला नको असतं, तरी येतं."

तेव्हापासून दिवसातून पंचवीस-तीस वेळा विचारते, "मी बाळाला काही केलं नाही ना?" आम्ही नाही म्हणतो. दहा मिनिटांनी परत तेच.

बायको आता रात्री खोलीची कडी लावून झोपते. तिला तरी काय बोलू? मामा म्हणतात हा स्किझोफ्रेनिया. शेजारच्या काकी उतारा काढायला सांगतात. मी नेटवर वाचायला बसलो तर नैराश्य, चिंतारोग, ओसीडी (नको ते विचार परत परत येणं आणि त्यापायी तीच कृती पुन्हा पुन्हा करणं), सगळ्याचीच लक्षणं तिच्यात दिसायला लागली. हे ओळखायचं कसं? आणि बाळाला खरंच धोका आहे का? कृपया मोकळेपणानं सांगा.

वळून_पाहणारा

दादा, तुमचं लिहिलेलं वाचून हात थरथरले. मी 41 वर्षांचा आहे, सोलापूर जिल्ह्यात राहतो. मला ओसीडी आहे. आपल्या जुन्या माणसांचा 'मंत्रचळ' तो हाच.

माझं हातांचं नव्हतं, गाडीचं होतं. मोटरसायकल खड्ड्यातून गेली, धक्का बसला, की मनात यायचं : आपण कुणाला तरी उडवलं. आरशात बघायचो, रस्ता मोकळा. तरी मागे फिरायचो. तिथं कुणी पडलेलं नसायचं. पुढं निघालो की वाटायचं, ओढ्यात पडला असेल तर? पंढरपूर रोडवरचा 12 किलोमीटरचा रस्ता, त्याला मला दोन-दोन तास लागायचे. दुसऱ्या दिवशी पेपरात अपघाताची बातमी शोधायचो. बी.एस्सी. झालेला माणूस मी, मला कळत नव्हतं का? सगळं कळत होतं. कळतं पण वळत नाही, ही म्हण या आजारासाठीच केलीय असं मला वाटायचं.

तुमची बहीण काय म्हणाली ते परत वाचा. "मला नको असतं, तरी येतं." हे तिचं वाक्य महत्त्वाचं आहे. विचार तिचाच आहे, तो तिला स्वतःला किळसवाणा वाटतो, म्हणून ती विळी लपवते. ओसीडीतला नको असलेला विचार बरोबर जिव्हाळ्याच्या जागी चावतो. देवभक्ताला देवाबद्दल घाणेरडे विचार येतात, आईला लेकराबद्दल. असे विचार येतात म्हणून माणूस तसं करून बसतो, असं या आजारात होत नाही. हे तुमच्या बायकोला कुणीतरी शांतपणे समजावून सांगायला हवं, आणि ते डॉक्टरांकडून यावं.

मला उपचार मिळायला 14 वर्षं लागली, कारण मी कुणालाच सांगितलं नाही. तिनं पाच महिन्यांत सांगितलं. कृपा करून तिला एकदा तरी म्हणा की तू सांगितलंस ते फार बरं केलंस.

पसारा_नको

माझे सासरे कपड्यांची घडी एक बोट इकडची तिकडे झाली तरी चिडतात. घरात सगळे म्हणतात, "बाबांना ओसीडी आहे." ते पण यातच येतं का?

वॉर्डातली_ताई

मी मानसोपचार विभागात समाजसेविका म्हणून 16 वर्षं काम करते. निदान इथं बसून होत नाही, ते मानसोपचारतज्ज्ञांनीच करायचं. पण फरक कुठं असतो तेवढं सांगते.

आधी सासऱ्यांबद्दल. त्यांना स्वतःची शिस्त योग्यच वाटते, त्रास इतरांना होतो. तो स्वभाव असेल. फारच टोकाला गेला तर त्याला व्यक्तिमत्त्व विकार म्हणतात आणि तो ओसीडीहून वेगळा धरतात. ओसीडीच्या माणसाला बहुतेक वेळा स्वतःचीच कृती मूर्खपणाची वाटते, तरी केल्याशिवाय जीव थाऱ्यावर येत नाही. विचार आणि कृती मिळून रोज तासाभराहून जास्त वेळ खात असतील किंवा माणसाचं काम, नाती कोलमडत असतील, तर त्याला आजार म्हणायचं.

मिरजेचे दादा, मामांची शंका अगदीच निराधार नाही, पण नीट तपासायला हवी. स्किझोफ्रेनियात माणसाला बाहेरून आवाज ऐकू येतात, कुणीतरी माझ्या डोक्यात विचार घालतंय असं वाटतं, शेजारी कट करताहेत अशी पक्की खात्री असते. त्या खात्रीबद्दल तो तुमची माफी मागत नाही, रडत "मला नको" म्हणत नाही. बोलणं तुटक होतं, माणूस आंघोळ-जेवण सोडतो. तिला विचारा : हे तुझ्याच मनात येतं, की कुणी सांगतं? आवाज हुकूम देतोय असं ती म्हणाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

चिंतारोगात काळजी रोजच्या गोष्टींची असते. पैसे, तब्येत, नोकरी, एकातून दुसरी. मात्र तीच कृती पुन्हा पुन्हा करायचा हट्ट नसतो. नैराश्याचं मात्र बघाच, कारण ओसीडीच्या मागोमाग ते फार वेळा येतं. दोन आठवडे सलग उदास, कशात रस नाही, झोप-भूक बिघडलेली असं आहे का? आणि "जगावंसं वाटत नाही असं होतं का?" हे सरळ विचारा. विचारल्यानं तसं मनात भरत नाही.

उपचार दोन. सेरट्रलीन, फ्लुओक्सेटिनसारख्या गोळ्या. या आजारात डोस बहुधा नैराश्यापेक्षा जास्त लागतो आणि परिणाम दिसायला 8 ते 12 आठवडे जातात. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून गोळ्या सोडणारी कुटुंबं मी फार पाहिली. दुसरा उपचार वर्तनाचा : भीतीला पायरी-पायरीनं सामोरं जायचं आणि कृती करायची नाही.

आणि ते तीस वेळा "नाही गं" म्हणणं. तुम्ही मायेपोटी म्हणताय, पण त्यानं मिळणारा दिलासा दहाच मिनिटं टिकतो आणि प्रश्नाला खतपाणी घालतो. एकदम तोडू नका, थेरपिस्टच्या सल्ल्यानं कमी करा. तज्ज्ञांची वेळ मिळेपर्यंत टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन करा. दिवसरात्र चालू असतं, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

मिरजेचा_दादा

सगळ्यांचे मनापासून आभार. सहा आठवड्यांनी लिहितोय. निदान ओसीडीच निघालं. ताईंनी सांगितलेला प्रश्न मी त्याच रात्री विचारला होता. ती म्हणाली, "आवाज कसला दादा, माझंच डोकं आहे." जगावंसं वाटत नाही असं होतं का, हेही विचारलं. तिनं मान हलवून हो म्हटलं. डॉक्टरांना पहिल्यांदा तेच सांगितलं.

गोळ्यांचा पाचवा आठवडा चालू आहे. पहिले काही दिवस मळमळ झाली, आता नाही. थेरपिस्टनं वहीत दहा पायऱ्या लिहून दिल्यात. पहिली : बाळ ज्या खोलीत आहे तिथं दहा मिनिटं बसायचं. शेवटची : बाळ शेजारी असताना विळीवर भाजी चिरायची. बायकोही एकदा सोबत आली होती, डॉक्टर तिच्याशी अर्धा तास बोलले. कडी अजून लागते, पण रोज नाही.

आता बहिणीनं विचारलं की मला म्हणायला सांगितलंय, "हा प्रश्न आजाराचा आहे, मी उत्तर देणार नाही." पहिल्या दिवशी हे म्हणून मी अंगणात जाऊन उभा राहिलो, आत तिचं रडणं ऐकू येत होतं. काल दिवसभरात चार वेळा विचारलं.

काल संध्याकाळी तिनं बाळाला नाचणीचं सत्त्व भरवलं. वाटी अर्धी झाली तेव्हा हात धुवायला उठली, उंबऱ्यापर्यंत गेली आणि परत येऊन बसली. गाठोडं अजून माळ्यावरच आहे. ती सातवी पायरी आहे.